चाकांवरचे आरमार

मिशिगन राज्यात, डेट्रॉइट नगराच्या ईशान्येस, ह्युरॉन आणि ईरी या दोन महासरोवरांच्या दरम्यान सेंट क्लेअर नावाचे एक सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस मैल आणि सरासरी खोली अवघी ११ फूट. म्हणजे मध्यम उंचीचे दोन गृहस्थ एकाच्या डोक्यावर दुसरा असे उभे राहिले, तर वरच्याची टोपी कोरडी राहण्याचा बराच संभव आहे. अशा या उथळ पाण्याच्या भोवताली जी उपनगरे वसली आहेत, त्यांतील घरांच्या पुढल्या आवारांत चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या असंख्य नौका पाहून नवख्या माणसाची अशी समजूत होते, की या प्रांतातील लोक मोठे दर्यावर्दी असले पाहिजेत. जरा बारकाईने पाहिले असता ध्यानात येते, की त्यांपैकी पुष्कळ नौकांना शिड्या लावलेल्या आहेत, एखादीच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले आहेत, आणि ज्या सद्‌गृहस्थाचे ते पाय आहेत, त्याने सरोवराचे दर्शन शेवटचे घेतले ते गेल्या श्रावणात.

अशा पायांपैकी एक जोडी आमच्या साडूंची आहे. साडू मूळचे वाईचे. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकले यापलीकडे त्यांच्या कुळात जलप्रवासाची परंपरा आढळत नाही. अमेरिकेत आल्यापासून ते एका मोटार-कारखान्यात अभियंता आहेत, आणि त्यांची नेमणूक मोटारीतील आसनाची पाठ मागेपुढे करणाऱ्या खिटीवर आहे. संपूर्ण आसनावर नव्हे. आसनाचे खाते निराळे, आसनाखालच्या रुळांचे निराळे, आणि खिटीतही डाव्या-उजव्या बाजूंविषयी मधूनमधून अधिकारक्षेत्राचा वाद उपस्थित होतो. रस्त्याने धावणाऱ्या हजारो मोटारी पाहून ज्याला केवळ एवढेच म्हणता येते की यांतील खिटी माझी, त्या माणसाला कधी ना कधी अशा वस्तूची आकांक्षा वाटू लागते, जिच्या नाळेपासून सुकाणूपर्यंतचा प्रत्येक खिळा त्याच्याच मुखत्यारीत असेल, आणि जिच्यात बिघाड झाला असता त्याविषयी सभा भरणार नाही. माझ्या मते नौका घेण्याचे खरे कारण हे होय. समुद्राची ओढ, वाऱ्याशी सख्य, निसर्गाचे सान्निध्य इत्यादी जी कारणे ही मंडळी चारचौघांत सांगतात, ती खरेदीखत झाल्यानंतर सुचलेली असतात.

नौका ‘कॅटालिना २२’ या जातीची. कॅलिफोर्नियातील फ्रँक बटलर यांनी १९६९च्या सुमारास ही जात बाजारात आणली आणि पुढे तिच्या १५,०००हून अधिक नौका बांधल्या गेल्या, ही हकीकत साडू अशा स्वरात सांगतात, की त्या सर्व त्यांच्याच घराण्यातल्या असाव्यात असे ऐकणाराला वाटावे. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी पावणेआठ फुटांच्या आत, वजन सुमारे एक टन, आणि पोटाखाली साडेपाचशे पौंडांचा एक बिडाचा पाता, ज्याला कील म्हणतात. हा पाता तारेच्या दोराने वर ओढून घेतला की नौका दोन फूट पाण्यात तरते, आणि खाली सोडला की तिला पाच फूट पाणी लागते. कील वर घेता येतो म्हणून नौका ट्रेलरवर बसते. ट्रेलरवर बसते म्हणून ती वाटेल तेथे नेता येते. आणि वाटेल तेथे, वाटेल तेव्हा नेता येते म्हणूनच ती कोठेही न जाता दारात उभी राहते. बंदरात जागा घेऊन ज्यांनी आपली नौका बांधून ठेवली आहे, ते निदान भरलेल्या भाड्याचा मोबदला वसूल करण्याच्या ईर्षेने तरी रविवारी पाण्यावर जातात. ज्याची नौका फुकट दारात उभी आहे, त्याला कसलीच घाई नसते.

अशा नौकेची मालकी म्हणजे जुन्या काळच्या एखाद्या तिसऱ्या प्रतीच्या संस्थानाची गादी होय. मुलूख साडेएकवीस फुटांचा असला तरी खाती सगळी लागतात: बांधकाम, वीज, जलनिःसारण, इंधन, दळणवळण, आणि या सर्व खात्यांचा दिवाण, फडणीस, मामलेदार, कारकून व शिपाई एकच असल्यामुळे एका खात्याने दुसऱ्याकडे केलेली मागणी विनाविलंब मंजूर होते. खजिन्याच्या किल्ल्या तेवढ्या दुसऱ्या दरबारी, म्हणजे आमच्या मेहुणीकडे आहेत, आणि त्यामुळेच जमाखर्च लिहिण्याच्या कलेस या घरात फार ऊर्जितावस्था आलेली आहे. नौका, डोलकाठी, शिडे, एक लहानसे आउटबोर्ड इंजिन आणि ट्रेलर, हा सगळा सरंजाम मिळून एका जुन्या मोटारसायकलीच्या किमतीत पदरी पडला, हे साडू अभिमानाने सांगतात. तो ओढण्यासाठी जो ट्रक घ्यावा लागला, त्याची किंमत ते सांगत नाहीत. ट्रक ‘तसाही घ्यायचाच होता’. सबब त्याची नोंद नौकेच्या खात्यावर न होता ‘घरखर्च, किरकोळ’ या सदराखाली झालेली आहे.

या उद्योगातला मूळ पेच पंचांगाचा आहे. फायबरग्लासच्या दुरुस्तीला इपॉक्सी लागते, आणि इपॉक्सीचे बहुतेक सामान्य प्रकार ५० अंश फॅरनहाइटच्या खाली घट्ट होण्यास साफ इन्कार करतात. रंगाला कोरडी हवा हवी. वार्निशाला ऊब हवी, पण रणरणते ऊन नको. हे सर्व गुण ज्यात एकवटले आहेत असे दिवस मिशिगनमध्ये मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तुरळक येतात, आणि वर्षातले शीड उभारण्यास योग्य असे दिवस नेमके तेच. उरलेला काळ नौका ताडपत्रीखाली असते. आमच्या कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा पाण्यात लोटतात. येथे शाकारणी ऑक्टोबरात होते, आणि नारळ द्यायचा तर सरोवरावरचे बर्फ वितळण्याची वाट पाहावी लागते. हिवाळ्याचे पाचसहा महिने साडू आराखडे काढतात, याद्या करतात, सामान मागवतात. फेब्रुवारीपासून दारात खोकी येऊन पडू लागतात. आणि त्या खोक्यांतल्या वस्तू बसवण्यासाठी पुन्हा उन्हाळ्यातले तेच मोजके दिवस खर्ची पडतात. ज्या दिवशी वारा नसेल त्या दिवशी वार्निश लावावे आणि वारा असेल त्या दिवशी शीड उभारावे, अशी सोपी तोड मी एकदा सुचवली. साडूंनी माझ्याकडे करुणेने पाहिले.

“अहो, वाऱ्याच्या दिवशी कालचं वार्निश ओलं असतं ना!”

दुरुस्तीलाही वंशावळ असते, हे मला या नौकेने शिकवले. मूळपुरुष म्हणजे पाण्याचा एक थेंब. हा थेंब एके सकाळी आतल्या निजण्याच्या फळीवर आढळला. आता थेंब आहे त्या अर्थी गळती आहे, आणि गळती आहे त्या अर्थी डेकवर बसवलेल्या कोणत्या ना कोणत्या साहित्याचा बोल्ट सैल झाला आहे. हा डेक म्हणजे वरखाली फायबरग्लासचे दोन पापुद्रे आणि मध्ये प्लायवुड. बोल्टाच्या भोकातून पाणी शिरले की ते खाली ठिबकण्याआधी पुष्कळ दिवस या प्लायवुडात मुक्काम करते आणि त्याचा काळा लगदा करून ठेवते. लगदा कोठवर पसरला आहे, हे ठोकून पाहावे लागते. साडू गुडघ्यांवर बसले, डेकला कान लावला, आणि पेचकसाच्या मुठीने एकेक इंच ठोकू लागले. शाबूत जागी टणक आवाज येई, कुजलेल्या जागी थप्प असा मुका. तेथे ते पेन्सिलीने वर्तुळ काढीत. सारा दिवस हे चाललेले पाहून शेजारच्या वृद्ध बाई कुंपणापाशी आल्या आणि आत कोणी अडकले आहे काय, अशी त्यांनी मोठ्या काळजीने पृच्छा केली.

वर्तुळे जुळून त्यांचा एक नकाशा तयार झाला. त्या हद्दीतला वरचा पापुद्रा कापला, लगदा खरवडून काढला, तेथे नवे लाकूड बसवले. पण बोल्टाची खालची बाजू धरायची तर आतले अस्तर सोडवावे लागले. अस्तर सोडवताना दिव्याची तार तुटली. तुटलेल्या तारेतले तांबे हिरवे पडलेले निघाले. एक तार हिरवी म्हणजे सगळ्याच हिरव्या. सगळ्या तारा नव्या घालायच्या तर फ्यूजची जुनी पेटी का ठेवायची. पेटी नवी तर बॅटरी जुनी कशी. आणि बॅटरी नवी आणली तर ती भरण्यासाठी सौर तक्ता नको काय? अशा रीतीने एका थेंबाच्या पोटी एक विद्युतकेंद्र जन्मास आले. सौर तक्ता बसवण्यासाठी डेकला चार नवी भोके पाडावी लागली, हे ज्यांनी येथवर लक्षपूर्वक वाचले आहे त्यांना सांगावयास नकोच.

बोल्टाच्या भोवती कोणता लेप भरावा, याविषयी शास्त्रकारांत एकवाक्यता नाही. ब्युटाइलपंथीयांचे म्हणणे असे, की लेप कधीही न वाळणारा असावा, म्हणजे साहित्य उद्या सहज निघेल. पॉलियुरेथेनपंथीय विचारतात, की निघावे कशाला? त्यांच्या लेपाने बसवलेली वस्तू पुन्हा काढू गेल्यास डेकचा तुकडा घेऊनच वर येते, आणि हा त्या लेपाचा दोष नसून गौरव आहे असे ते मानतात. पॉलिसल्फाइड सागवानावर उत्तम, पण काही जातींच्या प्लॅस्टिकला तो खाऊन टाकतो, त्यामुळे त्या पंथाला अनुयायी असले तरी ते सावधपणे बोलतात. सिलिकॉन मात्र सर्वांच्या दृष्टीने बहिष्कृत. कारण तो एकदा जेथे लागला तेथे पुढे कोणताच लेप, खुद्द दुसरा सिलिकॉनसुद्धा, नीट धरीत नाही. आमच्या नौकेच्या पूर्वमालकाने सर्वत्र सिलिकॉन भरलेला निघाला, आणि तेव्हापासून या अनोळखी मनुष्याचा उद्धार घरात नित्यनेमाने होत असतो.

पूर्वमालकाचा आणखी एक उपद्रव असा, की त्याने नौकेच्या पाठीवर कोणा एका स्त्रीचे नाव मोठ्या निळ्या अक्षरांत डकवले होते. केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देऊन साडूंनी ती अक्षरे सोलून काढली. परंतु भोवतालचा पृष्ठभाग पन्नासएक वर्षांच्या उन्हाने निस्तेज झालेला, आणि अक्षरांखालचा मात्र नव्यासारखा तकतकीत. त्यामुळे अक्षरे गेली तरी नाव जसेच्या तसे राहिले, आणि संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागले. त्यावर लेप लावून घासणे, पुन्हा घासणे, मग मेण चढवणे हा उपक्रम सुरू झाला. भर उन्हात नवरा एका परस्त्रीच्या नावावरून इतक्या निष्ठेने हात फिरवीत असलेला पाहून मेहुणीने काय म्हणावे? ती एवढेच म्हणाली, “अहो, स्वयंपाकघराचा ओटासुद्धा जरा असाच पुसा कधीतरी.” नाव अजून वाचता येते.

कीलचे प्रकरण मात्र विनोदात काढण्याजोगे नाही. ज्या खिळ्याभोवती हा साडेपाचशे पौंडांचा पाता वरखाली होतो, त्याचे भोक झिजून लांबट होते, आणि मग नांगर टाकून निवांत पडले असता रात्रभर पोटाखालून ‘ठक्‌… ठक्‌…’ असा आवाज येत राहतो. शिवाय नौका वेगात असताना कीलला धरणारी तार पाण्यात थरथरून गुणगुणते. पहिल्या आवाजाने झोप येत नाही, दुसऱ्याने संभाषण होत नाही. शेवटी कील उतरवण्याचे ठरले, आणि मला निरोप आला: “तुम्ही फक्त हात लावायला या.” केवळ हात लावण्यासाठी ज्याला बोलावतात त्याची पाठ कामास यायची असते, हे मला ठाऊक होते; तरीही सौभाग्यवतीच्या माहेरचा मामला असल्याने गेलो. नौका टेकूंवर चढवली, खाली चाकांची फळी सरकवली, आणि जॅक इंचाइंचाने उतरवीत तो लोखंडी ऐवज बाहेर काढला. गंजाचे पापुद्रे इतक्या जाडीचे निघत होते, की आत कील शिल्लक आहे की नुसताच गंज, अशी शंका यावी. तीन तास घासल्यावर राखी रंगाचे धड बीड दिसू लागले. मी चहाची आठवण केली, तेव्हा साडूंनी घाबरून मान हलवली. कारण जुलैच्या दमट हवेत उघडे बीड तासाभरात पुन्हा तांबूस पडू लागते, त्याआधीच इपॉक्सीचा पहिला हात द्यावा लागतो. आम्ही दिला. अंधार पडल्यावर चहा मिळाला, तो गार होता.

दुरुस्ती ही निदान मर्यादित असते. जे मोडले तेवढे जोडायचे. सुधारणेला अंत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, असा जो वाद टिळक-आगरकरांत गाजला, त्याची एक शाखा या घरात अद्याप चालू आहे. साडू कट्टर आगरकरपक्षीय: आधी सुधारणा, मग जलप्रवास. मेहुणी जहालपक्षाची: आधी पाण्यात तरी न्या. साडूंचे म्हणणे, शीड चढवण्याचे दोर डोलकाठीपाशी न ठेवता कप्प्यांवरून मागे सुकाणूपाशी आणले, म्हणजे एकट्या माणसाला बसल्या जागी सर्व कारभार पाहता येईल. विचार अत्यंत योग्य. परंतु त्यासाठी कप्प्या, दोर धरणारे चाप आणि त्यांची भोके आली. प्रत्येक भोक आधी मोठे पाडायचे, इपॉक्सीने भरायचे, वाळल्यावर त्यातच पुन्हा लहान भोक पाडायचे, म्हणजे मधल्या लाकडाला पाणी लागत नाही. याच सुमारास खोली मोजणारे एक यंत्रही आले. अकरा फुटांच्या सरोवरात ते यंत्र अकरा हा आकडा अत्यंत अचूकतेने दाखवते.

नौकेवर लाकूड म्हणावे असे फार थोडे: दोन हातकठडे आणि दाराच्या तीन फळ्या, सगळे सागवानी. या मूठभर सागवानाला दर वर्षी खरवडावे, पॉलिश पेपरने घासावे आणि वार्निशाचे अनेक हात द्यावे लागतात. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. आणि इकडे हातभर लांबीचा कठडा एका हिवाळ्यात पांढरा पडतो, हे मी साडूंच्या निदर्शनास आणले. ते डगमगले नाहीत. ‘ट्रिंकोमाली’चीही डागडुजी वर्षानुवर्षे करावी लागली, असे त्यांनी सुनावले, आणि तेवढ्यावर न थांबता मराठ्यांच्या आरमारावर घसरले. विजयदुर्गानजीक वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे खडक फोडून केलेली जहाजांची गोदी आहे. आंग्र्यांसारख्यांनासुद्धा आधी दुरुस्तीची सोय पाहावी लागली, तर माझ्यासारख्याची काय कथा, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात हा मुद्दा ते दर वर्षी मांडतात, आणि आरतीपूर्वी प्रसादाची वाट पाहत बसलेले श्रोते त्याला हरकत घेत नाहीत.

नौकेखाली जो ट्रेलर असतो, त्याचा विचार खरेदीच्या वेळी कोणीही करीत नाही. वास्तविक तो स्वतंत्र दौलतच आहे. त्याचा नोंदणीचा दाखला निराळा, त्याचे रोगही निराळे. तासभर रस्त्याने धावून चाकांचे तुंबे तापतात, आणि तशीच ती चाके सरोवराच्या थंड पाण्यात बुडवली की आतली हवा आकसून बाहेरचे पाणी आत ओढून घेते. मग ग्रीसचा दुधाळ रबडा होतो आणि बेअरिंग गंजते. मागचे दिवेही पाण्यात बुडत असल्याने त्यांचा नेम नाही. डावीकडे वळण्याचा इशारा द्यावा तर दोन्ही दिवे मंद लुकलुकतात, आणि मागच्या वाहनाला चालकाच्या हेतूविषयी तर्क करीत बसावे लागते. टायरांची तर्‍हा याहून विचित्र. ते झिजून बाद होत नाहीत, कारण धावतच नाहीत. उभ्या उभ्या उन्हाने तडकतात, आणि कोऱ्या नक्षीचे टायर फेकून देण्याचा प्रसंग मालकावर येतो.

अखेर एखाद्या शनिवारी मुहूर्त लागतोच. क्लिंटन नदीच्या मुखाजवळच्या उतारावर ट्रेलर मागे मागे नेत पाण्यात घालायचा असतो, आणि मागे नेताना सुकाणूचक्र डावीकडे फिरवले की ट्रेलर उजवीकडे जातो. खिटीवर हयात घालवलेल्या साडूंना हे विपरीत ज्ञान अद्याप अवगत झालेले नाही. मेहुणीला ते पहिल्याच दिवशी साधले. त्यामुळे ट्रक ती चालवते आणि साडू मागे उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करतात. त्या खुणांकडे तिने आजवर कधी पाहिलेले नाही, पण त्या केल्याने नौकेचा कप्तान कोण याविषयी काठावरच्या लोकांत गैरसमज राहत नाही. त्याआधी वाहनतळावर पंचवीस फुटी डोलकाठी उभी करण्याचा सोहळा होतो. वर विजेच्या तारा नाहीत ना, हे तीनदा पाहायचे; काठी बिजागरीवर ठेवायची; दोराने हळूहळू उचलायची; आणि अर्ध्यावर आली की एका बाजूची तार खाली कशात तरी अडकलेली आहे, असा शोध लागून ती पुन्हा निजवायची. इंजिनच्या नौकांतून फिरणारी मंडळी एवढ्या वेळात पाण्यात उतरून, मासे धरून परतही येतात, आणि जाताना आमच्याकडे आदराने पाहतात. निदान साडू त्याला आदर म्हणतात.

प्रत्यक्ष जलप्रवासाविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. वारा असतो, मग पडतो. शीड फुगते तेव्हा इंजिन बंद केल्यावर जी एकाएकी शांतता पसरते ती खरोखरच सुंदर असते, आणि साडू त्या शांततेत कुठून काही वाजते आहे का ते ऐकत बसतात. १९८८ साली या सरोवरात झेब्रा नावाचे परदेशी शिंपले आढळले. त्यांनी पाणी गाळून इतके नितळ केले, की ऊन तळापर्यंत पोहोचून पाणवनस्पती माजल्या. त्या कीलला गुंडाळतात, आणि नौका मग एखाद्या हिरव्या दाढीसह परत येते. काठावर आल्यावर ते गवत उपटून, पाणी निपटून, सारे स्वच्छ करूनच ट्रेलर रस्त्यावर न्यावा, असा राज्याचा कायदा आहे; ज्याच्या नौकेतून मुळातच पाणी निपटण्याचे काम बारमाही चालू असते, त्याला हा कायदा जाचक वाटत नाही.

साडूंच्या गावचा नियम मात्र जाचक निघाला. घराच्या दर्शनी आवारात नौका किंवा ट्रेलर ठरावीक तासांहून अधिक काळ ठेवू नये, प्रवासाची तयारी करण्यापुरती तेवढी सवलत, अशा अर्थाची लेखी नोटीस एके दिवशी दारावर चिकटवलेली मिळाली. साडूंनी तीस रीतसर जबाब दिला. त्यात त्यांनी असे प्रतिपादन केले, की सदर नौका ठेवलेली नसून तिची प्रवासाची तयारी चालू आहे. ती तयारी खरेदीच्या तारखेपासून अखंड चालू आहे. आणि तिच्या सत्यतेबद्दल शेजारच्या बाईंची साक्ष घ्यावी. सोबत उरलेल्या कामांची यादी जोडली होती, ती चार पाने झाली. आठवड्याभराने उत्तर आले. अर्जदाराची अडचण विचारात घेऊन ऑक्टोबरअखेर मुदत वाढवून देण्यात येत आहे, असा हुकूम होता, आणि खाली संबंधित अधिकाऱ्याने स्वहस्ते एक ओळ खरडली होती: हातकठड्याच्या बोल्टांना आपण कोणता लेप वापरता, हे कळवल्यास आभारी होईन.

ऑक्टोबर संपत आला. डोलकाठी उतरली, ताडपत्री चढली, आणि एका रविवारी जेवायला बसलो असता मेहुणीने मला आग्रहाने पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि ती म्हणाली, “भाऊजी, तुमच्या गावात असला काही नियम नाही ना हो?” साडूंनी ताटातून मान वर केली नाही. आमच्या सौभाग्यवतीने, मला विचारण्याची औपचारिकता न पाळता, “छे गं, आमच्याकडे कसला नियम! गॅरेजशेजारी एवढी जागा नुसती पडलेली आहे,” असे उत्तर देऊन टाकले. मी चौकशी करून सांगतो म्हटले. चौकशी मी दुसऱ्याच दिवशी सकाळी, कचेरी उघडताच, जातीने जाऊन केली. असा नियम नाही. तो व्हावा यासाठी नागरिकाने कोणत्या नमुन्यात अर्ज करावा, याविषयी माझा पत्रव्यवहार सध्या चालू आहे.